हर्णैला समुद्राजवळ पहिला मोठा गेमिंग पीसी बांधतोय, पार्ट नक्की करायला मदत हवी

बंदरवाला · १६ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यातला, हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला राहतो. मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनांची कामं करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, तेव्हा आमचा खरा हंगाम. यंदा आठ इंजिनं पूर्ण खोलून बांधली. पैसे सुटत सुटत दिवाळीला हातात आले. घरावरची कौलं परतून झाली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तरी अडीच लाख शिल्लक आहेत. ते मी पीसीसाठी ठेवलेत. शाळेत असताना दापोलीला कॅफेत तासाचे पैसे भरून गाड्यांच्या शर्यती खेळायचो, तेव्हापासून हे मनात आहे.

काय खेळायचंय ते आधी सांगतो. सगळ्यात जास्त विमानाचं सिम्युलेटर. मुंबईहून उठायचं आणि किनारा धरून खाली गोव्यापर्यंत यायचं. पुण्याला मित्राकडे एकदा केलं होतं. सुवर्णदुर्ग वरून दिसला, त्याच्या अलीकडे आमचं बंदर. ज्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून मी पंख्याचे नट सोडवतो ते पाणी तीन हजार फुटांवरून बघताना मला बोलताच येईना. पण दाभोळच्या खाडीपर्यंत आलो आणि चित्र अडखळायला लागलं. मित्राचं ग्राफिक्स कार्ड ८ जीबी मेमरीचं आहे. ते अडखळणं मला नको. बाकी शर्यती खेळतो, त्याचं स्टिअरिंग माझ्याकडे आहे.

आता माझी खरी धास्ती. माझा जुना सेकंडहँड पीसी ऑगस्टमध्ये बंद पडला. दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि परत दिला. घरी आणून मी तो पूर्ण खोलला. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, उलटा केला तर वर्तमानपत्रावर तांबूस भुकटी पडली, जाळीचा गंज होता तो. मागच्या पत्र्यावरचे स्क्रू पान्याला न लागता तुटले. ग्राफिक्स कार्ड उपसून काढलं तर ज्या सोनेरी दातांवर ते स्लॉटमध्ये बसतं त्यातल्या सहा-सात दातांवर हिरवट ठिपके. भिंग लावून पाहिले. बोटीच्या बॅटरीच्या टर्मिनलवर जो फुलोरा येतो तोच, फक्त मोहरीपेक्षाही लहान. हे मी रोज बघतो, त्यामुळे मला कळलं की बोर्ड आपोआप गेला नाही. त्याला खाऱ्या हवेने खाल्लं. अडीच लाखांची वस्तू अशी जाऊ द्यायची नाहीये.

माझी यादी अशी आहे. प्रोसेसर राईझन ७ ९८००एक्स३डी. त्याला बी८५० चिपसेटचा मदरबोर्ड. रॅम डीडीआर५ ३२ जीबी. एसएसडी २ टीबी. एसएमपीएस ८५० वॉट गोल्ड. मॉनिटर २७ इंची, १४४०पी. कार्डावर अडलोय: आरटीएक्स ५०७० टीआय, आरएक्स ९०७० एक्सटी, की बाकी सगळ्यात काटकसर करून आरटीएक्स ५०८०?

दुकानदार ३६० मिमीचा लिक्विड कूलरच घ्या म्हणतो. मला पटत नाही. जिथे पंप आला तिथे पंप जाणार, हे माझ्या धंद्यात मी रोज पाहतो. समुद्रात पंप गेला तर इंजिन बसतं. हवेच्या कूलरमध्ये फक्त पंखा जातो आणि तो मी दापोलीहून आणून बदलू शकतो. माझं चुकतंय का?

शेवटचं. बोटीच्या वायरिंगवर आम्ही गंज न लागण्याचा स्प्रे मारतो. तो मदरबोर्डवर मारला तर चालेल का? आणि यूपीएस केवढा घ्यावा? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०पर्यंत उतरतं, पावसाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा लाईट जाते.

---

पुण्यात_कुडाळकर · १६ नोव्हेंबर २०२५

बंदरवाला, सगळ्यात आधी रॅम घ्या. आज, उद्या नाही. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली आहे की उन्हाळ्यात दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारी ३२ जीबीची जोडी आता दुपटीच्या वर गेली आहे. थांबलात तर अजून जाईल. १६-१६च्या दोन काड्या, ६००० स्पीड, सीएल३० (म्हणजे उत्तर द्यायला कमी वेळ), पाकिटावर एक्स्पो (एएमडीच्या बोर्डावर तो स्पीड आपोआप लावणारी सोय) लिहिलेलं बघून. पुढे वाढवायची म्हणून ८च्या चार काड्या घेऊ नका. एएम५ बोर्डावर (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट तेच) चार काड्या लावल्या की तो स्पीड टिकत नाही.

प्रोसेसर तुम्ही बरोबर धरलाय. तुम्हाला जे सिम्युलेटर खेळायचंय त्यात कार्डाइतकाच प्रोसेसर दमतो, कारण दर क्षणाला जमीन, हवामान, बाकीची विमानं या सगळ्याचा हिशेब एक-दोन कोअरवर पडतो. लागणारा डेटा रॅममधून आणत बसलं की चित्र अडखळतं. या चिपमध्ये ९६ एमबीचा एल३ कॅश, म्हणजे चिपच्या आतलीच वेगवान मेमरी, आहे, म्हणजे बराचसा माल हाताशीच राहतो. ७८००एक्स३डीमध्येही कॅश तेवढाच, कोअरही आठच. फरक असा की त्यात कॅशचा थर कोअरच्या वर होता, त्यामुळे उष्णता अडायची. ९८००मध्ये तो खाली घेतला, कोअर थेट कूलरच्या बाजूला आले. म्हणून तो जास्त वेगाने पळतो. बजेट जुळत नसेल तर ७८०० घ्या, रडायची वेळ येणार नाही. एएम५ सॉकेटला २०२७ आणि पुढेही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलंय, त्यामुळे चार वर्षांनी फक्त चिप बदलता येईल.

हवेच्या कूलरबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. या चिपचा टीडीपी, म्हणजे कूलरने किती उष्णता काढायची तो आकडा, १२० वॉट आहे आणि गेम खेळताना ती तेवढंही घेत नाही. दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा चांगला कूलर तिला आरामात थंड ठेवतो. वाचलेले पैसे यूपीएसमध्ये घाला.

कार्ड. ५०८० विसरा. त्याच्यावरही १६ जीबीच मेमरी आहे, ५०७० टीआयएवढीच, आणि पैसे खूप जास्त. तुमचा मॉनिटर १४४०पी आहे. ४केमध्ये याच्या सव्वादोन पट पिक्सेल असतात, तिथे ५०८० शोभतं. साधं ५०७० मात्र घेऊ नका. त्यात १२ जीबी आहे आणि शहरावरून कमी उंचीने उडताना सिम्युलेटर ते भरून टाकतं. मित्राच्या ८ जीबीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच. राहिले दोन. ५०७० टीआय ३०० वॉटचं, ९०७० एक्सटी ३०४ वॉटचं, दोन्ही १६ जीबी. चित्र मोठं करून सफाई देण्यात टीआयमधलं एनव्हिडियाचं डीएलएसएस अजून एक पाऊल पुढे आहे आणि जास्त गेममध्ये आहे. किमतीत ९०७० एक्सटी बरंच खाली. मी स्वतः टीआय वापरतो आणि टीआयच सांगेन.

एसएमपीएस ८५० गोल्ड ठीक, फक्त एटीएक्स ३.१ लिहिलेला घ्या. नवी कार्डं डोळ्याचं पातं लवायच्या आत दुप्पट करंट ओढतात, ते झटके सोसायची अट या नव्या नियमात आहे.

एक गोष्ट लिहून ठेवा. सगळं जोडून पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा स्क्रीन काळी राहील. डीडीआर५चं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, काही वेळा पाच-दहा मिनिटं जातात. मी तेव्हा घाबरून तीनदा लाईट बंद केली आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू झालं. चहा ठेवा आणि बसून राहा.

---

गुहागर_ताई · १७ नोव्हेंबर २०२५

दादा, स्प्रे मारू नका. हेच सांगायला रात्री लॉगिन केलंय.

तो स्प्रे कनेक्टरच्या फटीत, रॅमच्या स्लॉटमध्ये, पंख्याच्या बेअरिंगमध्ये शिरतो. काही स्प्रेंनी प्लास्टिक मऊ पडतं. वर धूळ चिकटून त्याचा लगदा होतो, आणि आपल्या हवेतली धूळ म्हणजे मीठच. वॉरंटीही जाते. कारखान्यात बोर्डावर जो लेप देतात तो स्लॉट झाकून, नेमक्या जागी देतात. घरी ते जमत नाही.

आमचं घर समुद्रापासून चालत चार मिनिटांवर. खाली पाहुण्यांच्या खोल्या आहेत, वर मी राहते आणि रात्री सगळं आवरलं की खेळते. २०२१पासून एकच पीसी चालवतेय, मधला एक अपघात सोडला तर. माझा अनुभव असा की गंज बंद पीसीला लागतो. चालू मशीन आतून खोलीपेक्षा गरम राहतं, त्यावर ओल धरत नाही. जून ते सप्टेंबर मी तो रोज चालू करते, खेळायचं नसलं तरी दोन तास. गणपतीला आठ दिवस माहेरी गेले तर सासूबाई संध्याकाळी दिवा लावताना पीसीचं बटण दाबतात. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कॅबिनेटमध्ये टाकू नका, दोन दिवसांत पाणी पिऊन भरतात. त्या सुट्या पार्टच्या बंद डब्यात उपयोगाच्या.

जागा फार महत्त्वाची. समुद्राकडची खोली नको, कितीही सुंदर असली तरी. माझा माजघरात आहे. जमिनीवर ठेवू नका, पावसात लादीला घाम फुटतो. भिंतीपासून वीतभर पुढे. खोलीत एसी असेल तर अजून जपायचं: एसी बंद करून लगेच खिडक्या उघडल्या की गार पत्र्यावर बाहेरची दमट हवा येऊन पाणी धरते, थंड बाटलीवर धरतं तसं. आधी पीसी गरम राहू दे, मग खिडकी. कॅबिनेटला धुता येणाऱ्या जाळ्या हव्यात आणि आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे हवा फटींतून न शिरता जाळीतूनच येते. जाळ्या मी दर रविवारी नळाखाली धुते. पाणी जिभेला लावून पाहा, खारट लागतं.

पाली. यूपीएसच्या मागच्या फटीतून एक आत गेली आणि ट्रान्सफॉर्मरच्या उबेला बसली. एका रात्री फट्ट आवाज, जळका वास, यूपीएस गेला. आता मागच्या सगळ्या फटींवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावलाय. हवा जाते, पाल जात नाही. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली वाट्या.

आणि तो अपघात. ऑक्टोबर २०२२, संध्याकाळ, परतीच्या पावसाचे ढग गडगडायला लागले. मी नेहमीप्रमाणे प्लग काढला. यूपीएसचा प्लग काढला. मॉनिटरचा काढला. खालच्या राऊटरपासून वर येणारी लॅनची वायर तशीच राहिली, ती काढायचं कधी सुचलंच नव्हतं. वीज मागच्या माडावर पडली. माड तीन दिवसांनी शेंड्यापासून वाळायला लागला. पीसी चालू झाला पण नेट येईना, बाकी काही दिवस नीट चाललं, महिन्याभरात बोर्ड पूर्ण गेला. वॉरंटीत वीज बसत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण राऊटरला अॅडॅप्टर असतो आणि पुढची लॅन तांब्याची. तेव्हा दादा, घरात चाळीस फूट लॅन ओढू नका. वायफाय असलेला बोर्ड घ्या आणि राऊटर त्याच खोलीत लावा.

---

निवृत्त_वायरमन · १९ नोव्हेंबर २०२५

मी वयाने मोठा, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. रत्नागिरी जिल्ह्यात ३४ वर्षं घरांची वायरिंग केली.

तुझी पूर्ण यादी वाचली. त्यात अर्थिंग नाही. तुझ्या अडीच लाखांच्या यादीत ती पहिली ओळ असायला हवी होती. जांभ्यावरच्या घरात तिसरी पिन बहुतेक वेळा नावाला असते. बांधताना पाईप पुरलेला असतो, पण जांभा पाणी धरत नाही, डिसेंबरपासून कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थ मरतो. वर मीठ-कोळसा घातलेला असतो. मिठाने आपल्याकडे गॅल्व्हनाईझ पाईप दहा-बारा वर्षांत खाऊन टाकलेला मी स्वतः उकरून पाहिलाय. वरून नट-बोल्ट नवे रंगवलेले, खाली हातभर पाईपच नाही.

काय होतं याने? एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, त्यातून थोडा करंट सतत अर्थकडे जायला बघतो. अर्थ नसला की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर राहतो. अनवाणी पायाने पत्र्याला हात लावलास की मुंग्या येतात ना, तेच. माणूस मरत नाही त्याने, पण यूएसबीत, हेडफोनात, सगळीकडे खरखर येते. आणि सर्ज प्रोटेक्टर तू कितीही महागाचा लाव, तो जादा व्होल्टेज मुख्यतः अर्थमध्ये ढकलतो. अर्थ नाही तर तो ढकलणार कुठे?

तुझ्याकडे मल्टीमीटर असणारच. तीन पिनांच्या सॉकेटवर एसी व्होल्टवर लाव. फेज आणि न्यूट्रल मोज. फेज आणि अर्थ मोज. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. मग न्यूट्रल आणि अर्थ मोज, एक-दोन व्होल्ट ठीक, पाचच्या वर गेला तर गडबड. हे रात्री, सगळ्या घराचा लोड चालू असताना कर. दिवसा फसशील. बल्ब लावून अर्थ तपासायचा जुना प्रकार तू करू नकोस, अर्थ अर्धवट असला तर सगळ्या घराच्या पत्र्यात करंट येतो.

खराब निघाला तर नवी रॉड टाकून घे. तांब्याचा मुलामा दिलेली, तीन मीटर, भोवती मिठाऐवजी तयार बेंटोनाईटची पूड. जागा कुठली? न्हाणीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात सोडलंय तिथे. बारा महिने ओल राहणारी घरातली तीच जागा असते. कातळ लागला तर पहारीने कोचत बसू नको, छोटं बोअर मारणारा बोलव, वरचा कठीण थर संपला की खाली मऊ चिकण माती लागते. झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घे, पाच ओहमच्या आत आणायला सांग.

मग बोर्डात तीन वस्तू. आरसीसीबी ३० मिलिअँपिअर, करंट गळला की लाईन तोडतो. सर्ज प्रोटेक्शन टाईप २. आणि जादा-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले. तिसऱ्याचं कारण सांगतो. वादळात लाईनचा न्यूट्रल तुटला तर तुझ्या घरात २३०च्या जागी चारशेच्या आसपास येऊ शकतं. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०, त्यानंतर लाईट परत येत होती तेव्हा एका वाडीत एकाच दुपारी सात टीव्ही आणि दोन फ्रिज गेले. त्यात एक फ्रिज माझ्या बहिणीचा.

१८० व्होल्टला घाबरू नको. चांगल्या एसएमपीएसवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्याला १८० चालतं. साध्या यूपीएसला चालत नाही, तो सारखा बॅटरीवर जातो आणि बॅटरी वर्षात मारतो. म्हणून एव्हीआर असलेला, म्हणजे बॅटरी न वापरता व्होल्टेज जुळवणारा, लाईन इंटरॅक्टिव्ह, प्युअर साईन वेव्हचा (बॅटरीवरही लाईनसारखीच वीज देणारा) घे. व्हीए बघून घेऊ नको, वॉट बघ. हजार व्हीएवर बहुतेक सहाशेच वॉट असतात. तुझं सगळं मॉनिटरसकट गेम खेळताना पाचशेच्या घरात जाईल, तेव्हा १५०० व्हीए, ९०० वॉट. लाईट गेली की पाच मिनिटं मिळतील. तेवढ्यात विमान उतरव आणि बंद कर. लाईट आल्यावर दहा मिनिटं प्लग लावू नको.

---

बंदरवाला · ७ डिसेंबर २०२५

काका, ताई, कुडाळकर, तिघांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मी खणत होतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे रात्री आठला मोजलं. फेज-न्यूट्रल १८८. फेज-अर्थ १४१. न्यूट्रल-अर्थ ४६. मीटर बिघडला असेल म्हणून बोटीवरचा दुसरा आणला, तोही तेच दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या अर्थिंगची जागा उकरली. वर काँक्रीटची चौकट, झाकण, सगळं व्यवस्थित. खाली दोन फुटांवर पाईप हातात आला, सुटा. खालचं टोक काकडीच्या सालीसारखं पातळ झालेलं. काका, तुम्ही लिहिलं होतं ते वाचताना मला वाटलं होतं की दुसऱ्या कोणाच्या घरात होत असेल. या अर्थवर आई इतकी वर्षं मिक्सर आणि गिझर वापरतेय, ते आठवून त्या रात्री झोप लागली नाही.

नवी रॉड न्हाणीमागच्या माडाच्या आळ्यात टाकली. साडेचार फुटांवर कातळ संपला, पुढे पिवळी चिकण माती. टेस्टरवर ३.२ ओहम आले. काल रात्री परत मोजलं, न्यूट्रल-अर्थ १.४. बोर्डात तिन्ही वस्तू बसवल्या. यात माझे चौदा हजार गेले आणि त्यातला एक रुपयाही पीसीच्या यादीतला नव्हता, तरी तो खर्च मला सगळ्यात बरा वाटला.

रॅम त्याच दिवशी मागवली होती, कुडाळकर. आज तीच जोडी बघितली तर अजून वर गेलीय.

कार्डाचं मी वेगळं ठरवलंय आणि कारण सांगतो. ५०७० टीआयला तो नवा १६ पिनांचा कनेक्टर आहे. त्याच्या बारीक पिनांतून सगळा करंट जातो. बोटीवर माझा अनुभव असा की जाड टर्मिनलवर थोडा फुलोरा आला तर ते तग धरतं, बारीकवर आला की तिथे विरोध वाढतो, ते तापतं, तापलं की अजून खराब होतं आणि एक दिवस प्लास्टिक वितळतं. सगळीकडे असंच होईल असं म्हणत नाही. पण आमची हवा मला माहीत आहे. ९०७० एक्सटीच्या बहुतेक मॉडेलांना जुने जाड ८ पिनांचे कनेक्टर आहेत. मी ते घेतोय. वाचलेल्या पैशांत यूपीएस आणि जाळीचं चांगलं कॅबिनेट बसतं. डीएलएसएस हुकेल, मान्य आहे.

प्रोसेसर ९८००एक्स३डी, कूलर हवेचा, बोर्ड वायफायवाला आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसर न लावताही बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर नवं करता येतं) असलेला. टेबल माजघरात, आईच्या देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीला. ताई, आईला पावसाळ्यातलं बटणाचं सांगितलं, ती लगेच तयार झाली.

शुक्रवारी रात्री खेडहून कोकणकन्या पकडतोय, शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या बाजारात. दुकानदार म्हणतो सगळं जोडून देतो, तुम्ही फक्त उचलून न्या. तसं आणू का?

---

पुण्यात_कुडाळकर · ७ डिसेंबर २०२५

कनेक्टरचं कारण पटलं. मी हा विचार केला नव्हता, पुण्यात करावाही लागत नाही.

जोडून आणू नका. एवढं जड कार्ड आणि मनोऱ्याचा कूलर लावलेलं कॅबिनेट खेड ते हर्णैच्या वळणांवर आपटलं तर स्लॉट फाटतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी बोर्डावर दुकानातच बसवून एकदा चालू करून बघा. हा प्रोसेसर स्वतः चित्र दाखवतो, त्यासाठी कार्ड लागत नाही. मग कार्ड लावून चालवा, आणि दोन्ही जड वस्तू काढून आपापल्या खोक्यात. प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर जीएसटी बिलावर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका. बिल थर्मल कागदावर असेल तर लगेच फोटो काढा, आपल्या हवेत ती अक्षरं सहा महिन्यांत उडतात.

---

गुहागर_ताई · ८ डिसेंबर २०२५

खोकी फेकू नका, आणि माळ्यावरही नको, उंदीर थर्मोकोल कुरतडतात. कार्डाचं खोकं गोदरेजच्या कपाटात ठेवा. येताना कार्ड सीटखाली ठेवू नका, मांडीवर घ्या.

---

बंदरवाला · १४ डिसेंबर २०२५

मांडीवर आणलं, ताई. काल रात्री दीडला पहिल्यांदा बटण दाबलं. सात मिनिटं स्क्रीन काळी होती. आई शेजारी बसून होती, तिला मी सांगून ठेवलं होतं. मग चित्र आलं. सिम्युलेटर अजून डाऊनलोड होतंय, आमच्या नेटवर परवापर्यंत होईल. पत्र्याला अनवाणी हात लावून पाहिला, काका. काही लागत नाही.